पाठीच्या कण्याचे आरोग्य, शरीराचा तोल आणि पिलाटेस व्यायामपद्धती : एक विवेचन

प्रस्तावना :

महाविद्यालयीन अध्यापकाचा दिवस दोन टोकांत विभागलेला असतो. सलग दोन-तीन तासिका फळ्यासमोर उभे राहणे आणि उरलेला वेळ मान खाली घालून उत्तरपत्रिका, अहवाल व मूल्यांकनाच्या फायली यांच्यापुढे बसणे. शारीरिक शिक्षण विभागात काम करताना प्रस्तुत लेखकाकडे सहकारी प्राध्यापक ज्या तक्रारी घेऊन येतात, त्यांत कंबरदुखीचा क्रमांक पहिला लागतो. अर्थात हा केवळ आपल्या व्यवसायाचा प्रश्न नव्हे. इ. स. २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने त्रस्त होते व २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींच्या पुढे जाईल, असा अंदाज 'लॅन्सेट' समूहाच्या संधिवातविषयक नियतकालिकात २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

कंबर धरली की मिळणारा पारंपरिक सल्ला म्हणजे 'आराम करा आणि पट्टा लावा'. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत नियोजनबद्ध व्यायामाची शिफारस आहे. कमरेचा पट्टा व वजन लावून ओढ देण्याचे उपचार मात्र नित्य उपाय म्हणून वापरू नयेत असे म्हटले आहे. व्यायाम करावयाचा हे त्यामुळे निश्चित झाले. प्रश्न उरतो तो कोणता व्यायाम करावयाचा, हा. अलीकडे शहरांतून 'पिलाटेस' हे नाव या संदर्भात वारंवार कानी पडते. त्याची जाहिरात कधी सडपातळ होण्याचा मार्ग म्हणून, तर कधी मणक्याच्या सर्व विकारांवरील उपाय म्हणून केली जाते. या दोन्ही दाव्यांपासून दूर राहून या पद्धतीचा कण्याला व शरीराच्या तोलाला नेमका कोणता लाभ होतो, तो कशामुळे होतो आणि कोणाला तिच्यापासून अपाय संभवतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न आहे.

पद्धतीचा उगम :

जोसेफ ह्युबर्टस पिलाटेस यांचा जन्म १८८३ मध्ये जर्मनीतील म्योंशनग्लाडबाख या गावी झाला. लहानपणी प्रकृतीने अशक्त असलेल्या या मुलाने जिम्नॅस्टिक्स, मुष्टियुद्ध, कुस्ती अशा अनेक मार्गांनी शरीर कमावले. पहिले महायुद्ध सुरू झाले त्या वेळी ते इंग्लंडमध्ये होते. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना स्थानबद्ध करण्यात आले व आयल ऑफ मॅन बेटावरील नॉकालो छावणीत ठेवण्यात आले. तेथे रुग्णांच्या खाटांना स्प्रिंग बांधून त्यांनी अंथरुणावरच व्यायाम करविला, ही कथा या क्षेत्रात परंपरेने सांगितली जाते. १९२६ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि पत्नी क्लारा यांच्यासह न्यू यॉर्कमधील एट्थ ॲव्हेन्यूवर त्यांनी व्यायामशाळा चालविली. जॉर्ज बॅलन्शाइन व मार्था ग्रॅहॅम यांच्यासारख्या नृत्यगुरूंचे नर्तक दुखापतीनंतर त्यांच्याकडे येत. पिलाटेस यांनी स्वतः आपल्या पद्धतीला 'कंट्रोलॉजी', म्हणजे नियंत्रणाचे शास्त्र, असे नाव दिले होते. १९४५ च्या त्यांच्या पुस्तकात सतरंजीवर करावयाचे ३४ व्यायाम आहेत. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर शिष्यांनी ही पद्धती पुढे नेली. एकाग्रता, नियंत्रण, केंद्रीकरण, अचूकता, श्वसन व प्रवाहीपणा ही जी सहा तत्त्वे आज प्रत्येक वर्गात सांगितली जातात, त्यांची मांडणीही शिष्यांच्या पिढीने केली.

एक गोष्ट येथे नोंदविणे अगत्याचे वाटते. प्रौढ माणसाचा कणा तान्ह्या बाळासारखा सरळ असावा, अशी पिलाटेस यांची धारणा होती. शरीररचनाशास्त्राच्या दृष्टीने ती चुकीची आहे. आजचे बहुतेक प्रशिक्षक कण्याची नैसर्गिक वळणे राखून व्यायाम करवितात. म्हणजे संस्थापकाचा सिद्धान्त बाजूला पडला आणि त्याची साधना टिकली. व्यायामशास्त्राच्या इतिहासात असे अनेकदा घडले आहे व त्यात पद्धतीला कमीपणा येण्याचे कारण नाही. मात्र तिचे समर्थन संस्थापकाच्या शब्दाने न करता आजच्या पुराव्याने करावे लागते.

कणा उभा कसा राहतो :

पाठीच्या कण्यात मानेचे ७, छातीच्या मागील १२ आणि कमरेचे ५ असे २४ सुटे मणके असून त्यांखाली त्रिकास्थी व माकडहाडाचे एकमेकांस जुळलेले मणके असतात. बाजूने पाहिल्यास मान व कंबर येथे कणा पुढे झुकलेला, तर छातीच्या भागात मागे वळलेला दिसतो. या वळणांमुळे आघात सोसण्याची क्षमता येते. दोन मणक्यांमधील चकतीला प्रौढपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिचे पोषण आजूबाजूच्या भागांतून झिरपणाऱ्या द्रव्यांवर चालते व या देवाणघेवाणीस शरीराच्या हालचालीची मदत होते. दीर्घकाळ एकाच स्थितीत राहणे कण्याला का मानवत नाही, याचे एक कारण येथे सापडते.

सर्वसाधारण समज असा की कणा हा खांब आहे व शरीर त्यावर उभे आहे. प्रत्यक्षात स्थिती याच्या उलट आहे. स्नायू काढून टाकलेला, केवळ हाडे व अस्थिबंध असलेला कमरेचा कणा प्रयोगशाळेत तपासला असता, सुमारे ९० न्यूटन, म्हणजे अवघ्या नऊ किलोग्रॅमच्या आसपासच्या भाराखाली तो वाकून कोलमडतो, असे १९९२ मध्ये दाखविण्यात आले. उभ्या माणसाच्या कमरेवर याच्या कितीतरी पट भार असतो. तो पेलला जातो तो भोवतालच्या स्नायूंमुळे. जहाजाची डोलकाठी जशी चहूबाजूंच्या दोरांच्या ताणामुळे उभी राहते, तसेच काहीसे हे आहे. याच वर्षी येल विद्यापीठातील मनोहर पंजाबी यांनी कण्याच्या स्थैर्याची तीन अंगे मांडली. हाडे, चकत्या व अस्थिबंध हे पहिले, स्नायू हे दुसरे आणि या स्नायूंना योग्य वेळी योग्य प्रमाणात आज्ञा देणारी मज्जासंस्था हे तिसरे. एक अंग दुबळे झाले तर इतर दोन काही प्रमाणात त्याची भरपाई करतात. चकती झिजली तरी अनेकांना वेदना का होत नाही, या प्रश्नावर या मांडणीने प्रकाश पडतो. वेदना नसलेल्या व्यक्तींच्या तपासण्यांचा २०१५ मध्ये एकत्रित अभ्यास झाला, तेव्हा विशीतील ३७ टक्के लोकांतही चकतीची झीज आढळली. ऐंशीव्या वर्षी हे प्रमाण ९६ टक्के होते. एम.आर.आय. चा अहवाल हातात पडताच हवालदिल होणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांनी हा आकडा अवश्य ध्यानात ठेवावा.

दुसऱ्या व तिसऱ्या अंगाविषयी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात महत्त्वाचे काम झाले. हॉजेस व रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये कंबरदुखीचे १५ रुग्ण व १५ निरोगी व्यक्ती यांची तुलना केली. हात झटकन वर उचलावयास सांगितला असता निरोगी व्यक्तींत पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू हाताच्या स्नायूच्याही आधी आवळला जातो, जणू शरीर हालचालीपूर्वीच कणा सावरून घेते. रुग्णांमध्ये हा स्नायू उशिरा जागा होत असे. त्याच सुमारास हाइड्स व सहकाऱ्यांनी मणक्यांना चिकटून असलेल्या मल्टिफिडस या स्नायूची पाहणी केली. कंबरदुखीच्या पहिल्या झटक्यानंतर वेदना थांबली तरी हा स्नायू आपोआप पूर्ववत होत नाही, असे त्यांना दिसले. पुढे २००१ मध्ये त्यांनी याच ३९ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. स्नायूला विशिष्ट व्यायाम दिलेल्यांपैकी ३० टक्के रुग्णांना वर्षभरात पुन्हा त्रास झाला. व्यायाम न दिलेल्यांत हे प्रमाण ८४ टक्के होते. रुग्णसंख्या लहान असली तरी 'दुखणे थांबले म्हणजे काम संपले' ही समजूत त्यामुळे डळमळीत होते.

पिलाटेसमध्ये प्रत्यक्षात काय घडते :

वर्गात प्रवेश करणाऱ्यास प्रथमदर्शनी हे व्यायाम फार सोपे वाटतात. उदाहरणादाखल प्राथमिक व्यायाम घेऊ. पाठीवर निजून गुडघे दुमडावेत, तळपाय जमिनीवर टेकवावेत. कमरेखाली बोटे सरकतील इतके नैसर्गिक वळण राखावे. श्वास बरगड्यांच्या बाजूंना पसरेल असा घ्यावा. सोडताना ओटीपोट हलकेच आत ओढावे आणि एक टाच जमिनीवरून घासत पाय सरळ करावा. अट एवढीच की या काळात कटिभाग व कंबर तसूभरही हलता कामा नये. श्वास घेत पाय पूर्वस्थितीत आणावा व दुसऱ्या पायाने तेच करावे. शक्तीच्या दृष्टीने यात काहीच नाही. परंतु पाय लांब होताना कंबर उचलली जाते किंवा कटिभाग एका बाजूस कलतो, असा अनुभव बहुतेकांना येतो. हातपाय हलत असताना धड स्थिर ठेवणे, हाच या पद्धतीचा गाभा होय. पुढे हाच धडा दोन्ही पाय अधांतरी ठेवून, पालथे निजून, कुशीवर व अखेरीस उभ्याने गिरविला जातो. 'रिफॉर्मर' नावाच्या यंत्रात सरकत्या फळीला स्प्रिंग जोडलेल्या असतात. त्यांचा ताण कमी-अधिक करून दुर्बल व्यक्तीला आधार, तर सक्षम व्यक्तीला आव्हान देता येते. यंत्र खर्चिक आहे. प्राथमिक अभ्यासासाठी सतरंजी पुरेशी ठरते.

व्यायामशाळेतील उठाबशा किंवा 'क्रंचेस' यांहून हा मार्ग वेगळा आहे. तेथे पोटाचे पृष्ठभागावरील स्नायू बळकट होतात. येथे मात्र किती जोर लावला यापेक्षा तो केव्हा लावला व किती काळ टिकविला याला महत्त्व असते. आवर्तने थोडी, पण प्रत्येक आवर्तनावर लक्ष. दहाव्या आवर्तनात नियंत्रण सुटत असेल तर आठव्याला थांबावे, हा येथील दंडक आहे.

या टप्प्यावर स्टाफरूममध्ये हटकून येणारा प्रश्न असा : मग आपली योगासने काय वाईट? काहीच वाईट नाहीत. सेतुबंधासन, भुजंगासन व पिलाटेसमधील काही व्यायाम यांत बाह्य साम्य बरेच आहे. फरक असलाच तर तो असा की आसनात शरीर एका स्थितीत नेऊन तेथे स्थिरावणे अभिप्रेत असते, तर पिलाटेसमध्ये श्वासाच्या मोजणीवर अखंड हालचाल चालू ठेवून तिच्यावर ताबा मिळवावयाचा असतो. ज्यांची योगसाधना नियमित व निर्वेध चालू आहे, त्यांनी केवळ नवे नाव ऐकून ती सोडावी असे प्रस्तुत लेखकास मुळीच वाटत नाही.

संशोधन काय सांगते :

कंबरदुखीवरील पिलाटेसच्या परिणामाचा कॉक्रेन पद्धतीचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १० चाचण्या व ५१० रुग्ण समाविष्ट होते. काहीच उपचार न घेणाऱ्या किंवा नाममात्र सल्ला मिळालेल्या रुग्णांच्या तुलनेत पिलाटेस करणाऱ्यांची वेदना व अडचण कमी झाली, हा पहिला निष्कर्ष. पुराव्याचा दर्जा कनिष्ठ ते मध्यम. इतर प्रकारच्या व्यायामांपेक्षा पिलाटेस श्रेष्ठ ठरते असा निर्णायक पुरावा मिळाला नाही, हा दुसरा. जाहिरातींमध्ये पहिला निष्कर्ष मोठ्या अक्षरांत असतो व दुसरा नसतोच. त्यानंतर २०२१ मध्ये २१७ चाचण्या व जवळपास २१ हजार रुग्णांच्या माहितीवर आधारित तुलनात्मक विश्लेषण झाले. त्यात मात्र पिलाटेस, मॅकेन्झी उपचारपद्धती व कार्यक्षमता पुनःस्थापनेचे कार्यक्रम हे अन्य व्यायामप्रकारांपेक्षा काहीसे सरस ठरले. आठवड्यातून किती वेळा करावे, याचाही अभ्यास उपलब्ध आहे. ब्राझीलमध्ये २९६ रुग्णांना केवळ सल्ला किंवा सल्ल्यासोबत आठवड्यातून एक, दोन अथवा तीन वेळा पिलाटेस असे सहा आठवडे देण्यात आले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत दोन वेळांचा क्रम वेदना व अडचण या दोहोंबाबत केवळ सल्ल्याहून लाभदायक ठरला. दोन वेळा म्हणजे आपल्या वेळापत्रकात बसू शकेल इतके.

लाभ का होतो, याविषयी मात्र तज्ज्ञांत एकवाक्यता नाही. आतील स्नायू 'जागे' झाल्याने वेदना शमते, हे स्पष्टीकरण दीर्घकाळ प्रचलित होते. २०१० मध्ये एयाल लेडरमन यांनी गाभ्याच्या स्थैर्याची संपूर्ण कल्पनाच एक मिथक असल्याचा आक्षेप घेतला. त्यांचा रोख असा की स्नायूंच्या क्रमात झालेला बदल हा वेदनेचे कारण नसून परिणाम असू शकतो. आक्षेप पूर्णतः मान्य केला नाही तरी त्यातील तथ्य नाकारता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते अधिक संभाव्य स्पष्टीकरण असे आहे : कंबर दुखणारी व्यक्ती वाकण्यास, वळण्यास, उचलण्यास भिऊ लागते. भीतीने हालचाल घटते, हालचाल घटल्याने क्षमता घटते व थोड्या श्रमानेही वेदना उद्भवते. लहान, मोजून-मापून केलेल्या हालचालींतून 'हे केले तरी काही झाले नाही' असा विश्वास शरीराला परत मिळतो. नियंत्रण शिकविणारी पद्धती या कामी विशेष उपयुक्त ठरत असावी. स्नायू हे निमित्त, हे म्हणणे टोकाचे होईल. पण स्नायू हेच सर्वस्व नव्हे.

तोलाचा प्रश्न :

उभे राहणे ही क्रिया आपल्याला निष्क्रिय वाटते. वस्तुतः डोळे, अंतर्कर्णातील तोलेंद्रिय आणि तळपाय, घोटे व सांधे यांतून येणाऱ्या संवेदना यांचा मेळ घालून मेंदू क्षणोक्षणी शरीर सावरीत असतो. वयोमानाने हे तिन्ही मार्ग मंदावतात. पडण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार मृत्यू होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी सांगते. २०२२ मध्ये ब्राझीलमधील ५१ ते ७५ वयोगटातील १,७०२ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी साधारण पाचातील एकास एका पायावर दहा सेकंद उभे राहता आले नाही व पुढील वर्षांत या गटातील मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळले. तोल गेल्याने मृत्यू येतो असा याचा अर्थ नाही. तोल हा एकंदर प्रकृतीचा निदर्शक आहे.

व्यायामाने पडण्याचे प्रमाण घटते, हे सिद्ध आहे. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात १०८ चाचण्यांच्या आधारे ही घट सुमारे २३ टक्के असल्याचे नमूद आहे व तोल साधण्याचे आणि दैनंदिन क्रियांशी निगडित व्यायाम त्यात सर्वांत विश्वासार्ह ठरले आहेत. पिलाटेसने ज्येष्ठांच्या तोलाच्या चाचण्यांत सुधारणा होते, असे अनेक लहान अभ्यासांत दिसून आले आहे. येथे एक व्यावहारिक बाब दुर्लक्षिली जाते. पिलाटेसचे बहुतांश सतरंजीवरील व्यायाम निजून करावयाचे आहेत. निजलेल्या माणसाला तोल सांभाळावाच लागत नाही. धडावरील नियंत्रणाचा पाया तेथे घातला जातो, परंतु तोल हवा असेल तर उभ्याने करावयाचे व्यायाम, एका पायावरील भार, वजन एका बाजूकडून दुसरीकडे नेणे, मान वळवीत चालणे यांचा समावेश असलेला वर्गच निवडावा. पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तीने असा प्रयत्न प्रथम भिंतीजवळ किंवा मेजाची कड हाताशी ठेवून करावा.

दक्षता :

या पद्धतीतील सर्वांत गंभीर धोका तिच्या सर्वाधिक लोकप्रिय व्यायामांत दडलेला आहे. निजलेल्या स्थितीतून एकेक मणका उचलीत उठून बसणे, चेंडूसारखे गोल होऊन पाठीवर झुलणे, डोके व खांदे उचलून हात शंभर वेळा हलविणे या सर्वांत कणा पुढे वाकतो. हाडे मजबूत असल्यास त्यात वावगे काही नाही. अस्थी ठिसूळ झालेल्या व्यक्तीत मात्र मणक्याचा पुढील भाग दाबला जाऊन चिरडू शकतो. सिनाकी व मिकेलसन यांनी १९८४ मध्ये रजोनिवृत्तीनंतर कण्याची हाडे ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कणा मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात १६ टक्के स्त्रियांच्या मणक्यांना नवी इजा झाली. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात हे प्रमाण ८९ टक्के होते. गट लहान होते, तरीही हा फरक दृष्टिआड करण्याजोगा नाही. महाविद्यालयातील पन्नाशीपुढील अध्यापिका, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या व्यक्ती आणि ज्यांची उंची अलीकडे घटली आहे अशांनी अस्थिघनतेची तपासणी करून घेतल्याखेरीज हे व्यायाम करू नयेत. त्यांच्यासाठी पालथे निजून छाती किंचित उचलणे, हात-गुडघ्यांवर राहून विरुद्ध हात-पाय लांबविणे व उभ्याने करावयाचे व्यायाम हे पर्याय उपलब्ध आहेत.

कंबरदुखीसोबत लघवी वा शौचावरील ताबा जाणे, जांघेच्या व बैठकीच्या भागास बधिरता येणे, पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे यांपैकी काहीही आढळल्यास तो व्यायामाचा विषय नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

राहिला प्रशिक्षकाचा प्रश्न. ऑक्टोबर २००० मध्ये न्यू यॉर्क येथील संघीय न्यायालयाने 'पिलाटेस' हा शब्द कोणा एकाची व्यापारी मुद्रा नसून एका व्यायामप्रकाराचे सामान्य नाव आहे, असा निर्णय दिला. त्यामुळे ही पद्धती सर्वांना खुली झाली, आणि त्याच कारणाने केवळ फलकावरील नावावरून प्रशिक्षकाची पात्रता कळेनाशी झाली. प्रवेश घेण्यापूर्वी प्रशिक्षणाचा कालावधी विचारावा, एका वर्गात किती जण असतात ते पाहावे, आणि 'माझी हाडे ठिसूळ असतील तर यांतले कोणते व्यायाम वगळाल?' असा थेट प्रश्न करावा. उत्तरादाखल पुढे वाकण्याच्या व्यायामांचा उल्लेख आला नाही, तर दुसरा वर्ग शोधावा.